बाजूला काढलेला माल

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेलांच्या एका कारखान्यात मध्यंतरी कागदपत्रांच्या कामासाठी जाणे झाले. कारखाना जुन्या ओळखीतला. थोरले मालक माझ्या वडिलांचे स्नेही, आता त्यांचा मुलगा कारभार पाहतो आणि मला काका म्हणतो. जर्मनीतील एका खरेदीदाराची सहा हजार टॉवेलांची ऑर्डर पूर्ण होत आली होती. तपासणीच्या लांब टेबलापाशी एक ज्येष्ठ बाई उभ्या होत्या. कारखान्यात सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या प्रत्येक टॉवेल ट्यूबलाइटच्या उजेडात तिरपा धरत, दोन्ही बाजूंनी तळहात फिरवत आणि गठ्ठ्यावर ठेवत होत्या. मधूनच एखादा टॉवेल गठ्ठ्यावर न जाता खाली सिमेंटच्या कोब्यावर अंथरलेल्या पोत्यावर जाई. त्या ढिगातला एक मी उचलून पाहिला. फिकट राखी रंग, दाट लूप म्हणजे धाग्याचे बारीक उभे फास, कडेची शिलाई सरळ. मला कसलाही दोष दिसेना. अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला, मधोमध बोट ठेवले आणि म्हणाल्या, "साहेब, आत्ता नाही दिसणार तुम्हाला. पाण्यात घाला, वाळवा, मग बघा. इथं आडवी रेघ पडतंय." माग मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला होता आणि त्या जागी लुपांची एक ओळ बाकीच्यांहून किंचित ठेंगणी राहिली होती. असे चाळीस टॉवेल निघाले. त्यांचे पुढे काय, असे मी विचारले, तेव्हा मालक सहजपणे म्हणाला, "चाटी गल्लीत जातील की. तिथं कोण बघतंय?"

चाटी गल्ली म्हणजे इथली कापडाची बाजारपेठ. त्या वाक्याने मला नंतर बरेच दिवस स्वस्थता लाभू दिली नाही.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला टॉवेल कसा विणला जातो हे सांगण्याची गरज नसते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपल्यापैकी पुष्कळांनी यंत्रमागाचा आवाज भिंतीपलीकडून ऐकलेला असतो आणि माग जवळून क्वचितच पाहिलेला असतो. टेरी म्हणजे लूप असलेल्या टॉवेलाच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एका बीमवरचा ताणा घट्ट, त्यावर कापडाची बैठक तयार होते. दुसऱ्या बीमवरचा ताणा सैल सोडलेला. फणी पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, पूर्ण न ठोकता थोडे अलीकडेच थांबवते आणि तिसऱ्या बाण्याला तिन्ही मिळून पुढे रेटते. त्या एका ठोक्यासरशी सैल ताणा वर उचलला जातो आणि लुपांची एक ओळ उभी राहते. पाणी शोषले जाते ते या लुपांत. माग मध्येच थांबला, सैल ताण्यावरचा ताण किंचित बदलला, की तेवढ्यापुरती ओळ वेगळी पडते. हा दोष मोजपट्टीत सापडत नाही. तो अक्कांच्या तळहाताला कळतो, कारण त्या हाताखालून आजवर किती कापड गेले असेल याची गणती नाही. निर्यातीविषयी व्याख्याने होतात, माहितीपत्रके निघतात, पण त्या सगळ्यांत या तळहाताचा उल्लेख कुठे माझ्या वाचनात आलेला नाही. मला मात्र पक्के वाटते की लहान कारखान्याचा परदेश याच टेबलावर सुरू होतो.

माझे वडील सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्याबरोबर लहानपणी पूर्व भागात जाणे होई. कापूस, खळ आणि वंगण यांचा मिळून होणारा एक उबदार, किंचित आंबूस वास त्या गल्ल्यांना असे. घराघरांतून तेलुगू ऐकू यायचे, व्यवहार मराठीत व्हायचा, आणि दारात सुताची पोती उतरत असताना वडील एका चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचे. ती चिठ्ठी हाच करार. सूत उधारीवर जाई, माल विकला की पैसे येत, आणि राहिलेला हिशेब दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी मिटे किंवा पुढच्या दिवाळीवर जाई. एखाद्या कारखानदाराच्या घरी लग्न निघाले किंवा दुखणे आले, तर पेढी थांबत असे. या पद्धतीने कितीतरी कुटुंबांना मजूर म्हणून आलेले असताना चार मागांचे मालक होऊ दिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहरात जे उभे केले, त्यात या उधारीचा वाटा मोठा आहे.

पण याच पद्धतीत वजनाची चोरीही बसत असे, हे सांगितले पाहिजे. टॉवेल डझनावर विकला जाई, आणि डझनाचा दर घसरला की लूप थोडे आखूड होत, बाण्याची दाटी विरळ होई. व्यापाऱ्याला ते कळे, कारखानदाराला ते कळे, दोघे बोलत नसत. गिऱ्हाईक दर कमी म्हणून खूश होई आणि चार धुण्यांनंतर टॉवेल पातळ झाला की नव्याने घेई. बाहेरच्या राज्यांतले व्यापारी पैसे लांबवत, कधी बुडवत, आणि त्याची भरपाई पुढच्या मालाच्या वजनातून निघे. ओळखीवर चालणाऱ्या बाजाराची ऊब मी पाहिली आहे, म्हणूनच तिची किंमत कोणाच्या पदरात पडली हेही मला आठवते.

परदेशचा खरेदीदार डझन विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. या ऑर्डरचा टॉवेल सत्तर बाय एकशेचाळीस सेंटिमीटरचा आणि ५०० जीएसएमचा होता. गुणाकार केला तर एका टॉवेलाचे वजन ४९० ग्रॅम भरले पाहिजे. पाच टक्के कमी भरले, तर खरेदीदार माल नाकारू शकतो. पाच टक्के जास्त भरले, तर प्रत्येक नगामागे जवळजवळ पंचवीस ग्रॅम सूत फुकट गेले, सहा हजार नगांवर दीडशे किलो. ज्या कारखान्यात वर्षानुवर्षे वजन अंदाजाने आणि दराप्रमाणे वरखाली होत आले, तिथे दोन्हीकडून बांधलेली ही रेषा पाळायची, तर सुताचा नंबर, फणीची दाटी, लुपाची उंची, धुलाईनंतरचे आटणे असे सगळेच लिहून ठेवावे लागते. थोरले मालक पूर्वी हे सगळे डोक्यात ठेवीत. मुलाने भिंतीवर फळा लावला आहे आणि दर पाळीला तीन टॉवेल काट्यावर ठेवून आकडे लिहिले जातात. रंगाचेही तसेच. ओल्या आणि कोरड्या कापडाने घासून रंग किती सुटतो ते पाहायचे आणि एक ते पाच अशी श्रेणी द्यायची. युरोपात माल जायचा असेल, तर अझो या कृत्रिम रंगांपैकी काहींतून सुटणारी घातक द्रव्ये किलोमागे तीस मिलिग्रॅमच्या वर असता कामा नयेत. हे प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय सिद्ध होत नाही, आणि तो अहवाल स्वस्तात मिळत नाही. या नियमाकडे अडवणूक म्हणून पाहणारे कारखानदार मला भेटतात. मला त्यांची अडचण समजते, पण रंगाच्या टाकीत ज्यांचे हात बुडतात त्या कामगारांच्या बाजूने पाहिले, तर हा नियम आपणच आधी करायला हवा होता, असेच वाटते.

आता त्या चाळीस टॉवेलांकडे येतो, कारण कागदाचा खरा पेच तिथे उभा राहिला.

ऑर्डर एलसीवर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर होती. खरेदीदाराची बँक हमी देते की ठरलेले कागद ठरल्या मुदतीत आले, तर पैसे देऊ. ही हमी मालावर नसते, कागदांवर असते. बँक टॉवेल कधीच पाहत नाही. बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मूळ देशाचा दाखला यांतला मजकूर एलसीशी आणि एकमेकांशी विसंगत नाही ना, एवढेच ती पाहते. हे व्यवहार ज्या नियमावलीने चालतात, ती इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची यूसीपी ६००, २००७ पासून लागू आहे. तिच्यात परिमाणात पाच टक्के कमी-अधिक चालते अशी सवलत आहे, पण माल नगांच्या संख्येत लिहिला असेल तर ती सवलत लागू होत नाही. आमच्या एलसीत सहा हजार नग असे लिहिले होते आणि माल तुकड्यांत पाठवायला मनाई होती. म्हणजे पाच हजार नऊशे साठ उत्तम टॉवेल पाठवले, तर कागद नियमबाह्य ठरणार, आणि ते चाळीस आत घातले तर कागद निर्दोष ठरणार. बँकेच्या दृष्टीने सदोष माल योग्य होता आणि निर्दोष माल अयोग्य.

पुन्हा चाळीस विणावेत, हे सोपे उत्तर वाटते. पण सूत आधीच रंगवलेले असते. तो लॉट संपला होता. नव्या लॉटमध्ये तोच राखी रंग तंतोतंत येईल याची खात्री कोणी रंगारी देत नाही, आणि एका खोक्यात दोन छटा निघणे हा आडव्या रेघेहून मोठा दोष. रात्री उशिरापर्यंत यावर खल झाला. कोणीतरी म्हणाले, तळाच्या खोक्यांत विखरून घाला, दीडशेत एक लागेल, कोणाला कळणार नाही. अक्कांनी त्यावर काही भाष्य केले नाही. त्यांनी पोत्यावरचा ढीग उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली मालकाच्या टेबलावर आणून ठेवली. मालकाने त्याच रात्री खरेदीदाराला जसे घडले तसे कळवले, बाजूला काढलेल्या टॉवेलाचा फोटो जोडला आणि एलसीतल्या नगांच्या संख्येत दुरुस्ती मागितली. दोन दिवसांनी दुरुस्ती आली. पाठोपाठ पुढच्या ऑर्डरची विचारणाही आली. खरेदीदाराने लिहिले होते की, पुरवठादाराने आपणहून दोष दाखवण्याची त्यांना सवय नाही. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात नगांच्या संख्येत पाच टक्के कमी-अधिक चालेल, हे वाक्य आम्ही आधीच घालून मागतो. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी हे वाक्य विसरू नये.

एवढे सगळे सांभाळणारी माणसे किती, हे पाहिले म्हणजे या धडपडीची खरी कल्पना येते. आयात-निर्यात कोड काढणे आता सोपे आहे, पॅन क्रमांकच तो कोड असतो. जीएसटी न भरता माल पाठवण्यासाठी एलयूटी हे हमीपत्र, परकीय चलनाचा व्यवहार पाहणाऱ्या बँकेचा एडी कोड, कॉटन टेक्स्टाइल्स एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलचे सदस्यत्व, दर खेपेला कस्टम्ससाठी शिपिंग बिल, हे सगळे एकेक करून जमते. अवघड असते ते रोजचे. मोठ्या गिरणीत यासाठी विभाग असतात. इथे मालकाची पत्नी घरचे आवरून रात्री दहानंतर मेलला उत्तरे लिहिते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, ट्रान्सपोर्टवाल्याशी हिंदी आणि खरेदीदाराशी इंग्रजी अशा चार भाषांत तिचा दिवस जातो. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते आणि त्याच सुमारास आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. २०२५ साली प्रदर्शन चौदा जानेवारीलाच सुरू झाले. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आजवर कधी न चुकलेल्या थोरल्या मालकांना मुलगा संक्रांतीला परदेशात असणे सहन झाले नाही. त्यांनी विरोध केला नाही, पण त्या आठवड्यात ते कारखान्यात आले नाहीत. दोघांचेही मला पटत होते.

पैशाची बाजू अधिक कठोर आहे. सुताला रोख, रंगाईला रोख, कामगारांचा पगार वेळच्या वेळी, आणि खरेदीदार मात्र माल पोहोचल्यावर नव्वद दिवसांची मुदत मागतो. देशातल्या खरेदीदाराने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ च्या कायद्यात नियम आहे. परदेशी खरेदीदाराला तो लागू नाही. तिथे ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणारा विमा घ्यावा, एलसी मागावी किंवा निदान काही रक्कम आगाऊ घ्यावी, आणि सुरुवातीला तिन्हींपैकी एकही नसेल तर ऑर्डर सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हा धोका नको म्हणून पुष्कळ जण मुंबईच्या व्यापारी निर्यातदाराला, म्हणजे दुसऱ्याचा माल विकत घेऊन स्वतः परदेशी पाठवणाऱ्याला, माल देतात. त्यात जीएसटी अवघा ०.१ टक्का लागतो, पैसे लवकर येतात, कागदांची झंझट उरत नाही. मी या मार्गाला कमी लेखत नाही, नवख्याने पहिली काही वर्षे तोच धरावा. पण या मार्गाने गेलेला टॉवेल कोणाच्या हातात गेला, त्याने काय तक्रार केली, त्याला पुढच्या वर्षी काय हवे आहे, यातले काहीही कारखान्यापर्यंत पोहोचत नाही. विणणारा विणतच राहतो आणि शिकणारा मुंबईत शिकतो.

नावाचे दुःखही इथेच आहे. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ते भारतीय कायद्याचे मानांकन. सीमा ओलांडली की त्याचे संरक्षण आपोआप सोबत जात नाही. जर्मनीला गेलेल्या त्या टॉवेलांवर खरेदीदाराचे लेबल होते आणि मूळ देश म्हणून भारत. सोलापूर कुठेही नव्हते. लेबल शिवणाऱ्या मुलींना ते वाचताही येत नव्हते, त्या फक्त दोऱ्याचा रंग जुळवत होत्या. मला हे पाहून वाईट वाटले, आणि त्याच वेळी हेही जाणवले की नाव मागण्याआधी सलग काही वर्षे एकसारखा माल द्यावा लागतो. गावाचे नाव एका कारखान्याच्या प्रामाणिकपणावर टिकत नाही. शेजारच्याने आखूड लुपाचा माल त्याच नावाने पाठवला, तर दोघेही बुडतात.

आणि सगळे नीट केले तरी समुद्र आणि सरकारे आपल्या हातात नसतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडे वाढले, आणि ज्यांचा माल पूर्ण कंटेनर भरत नाही त्यांना जागा मिळेना. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा केवळ अमेरिकेवर विसंबलेल्या कारखान्यांत तयार माल पडून राहिलेला मी पाहिला आहे. रॅकवर छतापर्यंत खोकी, आणि मालक गोदामात जायचे टाळत होता. म्हणून लहान कारखान्याने एकाच देशावर निम्म्याहून अधिक भार ठेवू नये. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि त्यामुळे आपल्या कापडावरचे तिथले शुल्क उठले आहे. ब्रिटनशी करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. या सवलतींचा लाभ मूळ देशाच्या दाखल्याशिवाय मिळत नाही, आणि दाखला न काढल्यामुळे हक्काची सूट गमावलेल्या खेपा माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. आखातातली मोजणी युरोपइतकी कडक नसते, अंतर कमी असते, भाषा निभावते. पहिले पाऊल तिकडे टाकावे.

तरीही देश कोणता हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. निर्यातीने त्या कारखान्याला डॉलर किती मिळवून दिले याचा हिशेब मीच लिहितो, आणि तो फार मोठा नाही. मोठे झाले ते दुसरेच. काटा आला, फळा आला, दोष कबूल करण्याची रीत आली. मग हे सगळे फक्त जर्मनीसाठी का? इथल्या गिऱ्हाइकाने दोन पैसे कमी दिले म्हणून त्याला आडवी रेघ आणि आखूड लूप, ही वाटणी कोणी ठरवली? मी मालकाला हे बोलून दाखवले. तो लगेच काही बोलला नाही. पुढे एकदा हिशेबाला बसलो असताना त्याने सांगितले की स्थानिक मालही आता त्याच टेबलावरून जाईल, टॉवेलावर वजन छापले जाईल, आणि सदोष नग सदोष म्हणूनच, वेगळ्या गठ्ठ्यात, वेगळ्या दराने विकले जातील.

पहिली खेप गेली तेव्हा डझनामागे वाढलेला दर ऐकून दोन व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला. तिसऱ्याने एक टॉवेल उचलून आपल्या दुकानातल्या काट्यावर ठेवला, छापलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा दोन्ही पाहिले, आणि पन्नास डझन ठेवून घेतले. महिन्याभराने त्याने पुन्हा शंभर डझन मागवले आहेत, त्यातले निम्मे हुबळीच्या दुकानदारासाठी. त्यांचे वार्पिंग, म्हणजे बीमवर ताणा गुंडाळणे, सुरू आहे.